भागाचं आर्थिक वातावरण मोजताना: मालकांना काय विचारावं, कामगारांना काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका औद्योगिक पट्ट्यात लहानमोठ्या मिळून ९०० आस्थापना आहेत. तिथल्या व्यावसायिकांना आणि काम करणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी विचारून त्या भागाच्या आर्थिक वातावरणावर अहवाल काढायचा आहे. किती जणांना विचारावं, काय विचारावं, दोघांसाठी एकच प्रश्नावली चालेल का, आणि उत्तरांतून आकडा कसा काढावा?

प्रश्नावलीचं आधी सांगतो, कारण बाकीची रचना त्यावर अवलंबून आहे. एकच प्रश्नावली चालणार नाही. मालकाला ऑर्डर दिसतात, अडकलेली येणी दिसतात, पुढच्या तिमाहीची खरेदी दिसते. कामगाराला ओव्हरटाइम दिसतो, पगार कोणत्या तारखेला जमा झाला ते दिसतं, किती दिवस मशीन बंद होतं आणि शेजारच्या कंत्राटी मुलाला परत बोलावलं की नाही, हेही दिसतं. दोघांना "परिस्थिती कशी वाटते?" असं विचारून सगळ्यांची मिळून सरासरी काढली, तर दोघांकडचीही माहिती वाया जाते. सर्वेक्षणं दोन करा. काळ एकच, हद्द एकच, आणि अहवालात दोन्ही रेषा शेजारी शेजारी. त्या दोन रेषांमध्ये जिथे अंतर पडतं, तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं.

या पद्धतीत मुळात काय मोजलं जातं, तेही स्पष्ट असू द्या. इथे दिशा मोजली जाते, रक्कम नाही. जर्मनीतल्या म्युनिकची ईफो संस्था १९४९ पासून असं सर्वेक्षण करते, जपानची मध्यवर्ती बँक 'तानकान' नावाचं सर्वेक्षण दर तिमाहीला घेते, आपली रिझर्व्ह बँकही कारखानदारांचं तिमाही सर्वेक्षण घेते. सगळीकडे प्रश्नांचा गाभा सारखाच: वाढलं, तेवढंच राहिलं, की कमी झालं? व्यवस्थापक हिशेबाची वही न उघडता पाच-सात मिनिटांत याचं उत्तर देऊ शकतो. उलाढालीचा आकडा मागितला की बरेच लोक प्रश्न सोडतात आणि उरलेल्यांपैकी काहीजण कर खात्याला सांगितलेला आकडाच सांगतात. दिशा सांगताना त्यांना लपवण्यासारखं काही नसतं. शिवाय पक्के हिशेब येईपर्यंत काही महिने जातात, हे उत्तर आजच मिळतं.

हद्द आणि यादी

विचारायचं एकक "आस्थापना" ठेवा, "कंपनी" नको. मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलेल्या कंपनीला पत्र पाठवलं, तर तिथला अधिकारी सगळ्या शाखांचं मिळून उत्तर देतो आणि तुमच्या भागाचं चित्र बिघडतं. प्रश्नावलीच्या अगदी वर ठळक लिहा: "फक्त या पत्त्यावर चालणाऱ्या कामाबद्दल उत्तर द्या." कामगारांच्या बाबतीतही ठरवून घ्या: या भागात काम करणारे, की इथे राहणारे? आर्थिक वातावरण मोजायचं असेल तर "इथे काम करणारे" ही व्याख्या बरी, आणि तिला एक जोड द्या: "किंवा गेल्या सहा महिन्यांत इथे काम करत होते, सध्या करत नाहीत असे." ही जोड का लागते ते पुढे येईल.

यादीचं काम कंटाळवाणं असतं आणि बहुतेक चुका तिथेच होतात. उद्योजक संघटनेची सदस्ययादी ही त्या भागाची यादी नव्हे. तिच्यात टिकलेले, मोठे आणि वर्गणी भरणारे असतात, लहान गाळे आणि सेवा देणारे गळलेले असतात. सदस्ययादी, परवान्यांची यादी आणि वीजजोडण्यांची यादी मिळेल तेवढी एकत्र करा, एकाच पत्त्यावरची दुबार नावं काढा आणि मग निदान एकदा तरी गल्लोगल्ली फिरून पडताळा. बंद आढळलेला गाळा यादीतून नुसता पुसू नका. "बंद, अमुक महिन्यात आढळला" अशी नोंद ठेवा. ९०० पैकी ५० आस्थापना वर्षभरात बंद पडल्या असतील, तर भागाच्या अर्थस्थितीबद्दलची ती सगळ्यात पक्की माहिती आहे आणि कुठलीही प्रश्नावली ती तुम्हाला देणार नाही. नव्याने सुरू झालेल्यांना वर्षातून एकदा यादीत घ्या. नाहीतर तीन वर्षांत नमुना, म्हणजे विचारायला निवडलेला गट, म्हातारा होतो आणि फक्त जुन्या धंद्यांचं दुखणं सांगत राहतो.

व्यावसायिक किती

ढोबळ गणित असं. मोठ्या समूहातून ९५ टक्के खात्रीने, ५ टक्क्यांच्या चुकीच्या मर्यादेत (म्हणजे खरा आकडा फार तर ५ टक्के इकडेतिकडे) एखादं प्रमाण सांगायचं तर ३८४ उत्तरं लागतात. समूहच ९०० चा असेल तर दुरुस्ती करून ती २६९ होतात. म्हणजे भरून आलेले सुमारे २७० फॉर्म. प्रतिसाद ६० टक्के धरला तर ४५० आस्थापनांशी संपर्क करावा लागेल.

हे ४५० सरसकट चिठ्ठ्या टाकून काढू नका. समजा १०० वर माणसं असलेल्या ४० आस्थापना आहेत, २० ते १०० माणसांच्या १६०, आणि त्याखालच्या ७००. मोठ्या चाळीसही घ्या, कारण त्यातली एक जरी सुटली तरी रोजगाराचा मोठा तुकडा सुटतो. मधल्यांपैकी १२०, लहानांपैकी २९०. प्रत्येक गटात यादी व्यवसायानुसार लावून ठरावीक अंतराने नाव उचला, म्हणजे एकाच धंद्याची गर्दी होत नाही.

ठरलेल्या आस्थापनेने नकार दिला की शेजारचा गाळा घेण्याचा मोह सर्वेक्षकांना होतो. याला सक्त मनाई करा. नकार देणारे आणि सहज भेटणारे यांची परिस्थिती सारखी नसते. ज्याच्याकडे काम तुंबलंय त्याला वेळ नाही, ज्याच्याकडे घेणेकरी फेऱ्या मारतायत तो फोन उचलत नाही, आणि मधला निवांत माणूस फॉर्म भरतो. प्रतिसादाच्या कमतरतेमुळे येणारी ही चूक नमुना दुप्पट केला तरी जात नाही. ४५० जणांचा नीट पाठपुरावा हा ९०० जणांना लिंक पाठवून मोकळं होण्यापेक्षा कितीतरी सरस.

एकदा निवडलेल्या आस्थापना पुढच्या फेऱ्यांमध्येही कायम ठेवा, दरवर्षी पाव हिस्सा बदला. याचा फायदा मोजता येतो. समजा ३५ टक्के "वाढलं" म्हणाले, २० टक्के "कमी झालं" म्हणाले, तर निव्वळ आकडा अधिक १५. २७० उत्तरांवर, छोट्या समूहाची दुरुस्ती धरून, त्याची चुकीची मर्यादा साधारण ७ गुणांची येते. दोन फेऱ्यांत दरवेळी नवी माणसं घेतली, तर दोन आकड्यांमधला १० गुणांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. तीच माणसं ठेवली आणि त्यांच्या दोन वेळच्या उत्तरांत बऱ्यापैकी सातत्य असलं, तर तीच मर्यादा ६-७ गुणांवर येते. म्हणजे एका पैशाचाही जादा खर्च न करता बदल अधिक बारकाईने दिसतो.

हेच सूत्र एखाद्या उपगटाला लावून बघा. ३० उत्तरं आलेल्या एखाद्या व्यवसायासाठी मर्यादा २६ गुणांची होते. अशा गटाचा स्वतंत्र आकडा छापू नये. दोन-तीन जवळचे व्यवसाय एकत्र करा, नाहीतर शब्दांत सांगा.

व्यावसायिकांचे प्रश्न

दहा-बारा प्रश्नांवर थांबा. गाभ्याचे प्रश्न: उत्पादन किंवा कामाचं प्रमाण, नव्या ऑर्डर, तयार मालाचा साठा, कच्च्या मालाचा खर्च, विक्रीची किंमत, माणसांची संख्या, येणी वसूल व्हायला लागणारा वेळ, खेळत्या भांडवलाची उपलब्धता. प्रत्येकासाठी दोन रकाने: गेल्या तीन महिन्यांत काय झालं, आणि पुढच्या तीन महिन्यांत काय अपेक्षित आहे. शेवटी एकच अडथळ्याचा प्रश्न: "सध्या कामाला सगळ्यात जास्त अडवणारी गोष्ट कोणती?" आणि पर्यायांचा क्रम निरनिराळ्या फॉर्मवर बदललेला. कागदावर वाचणारा वरचे पर्याय जास्त निवडतो, फोनवर ऐकणारा शेवटचे. क्रम फिरवला नाही तर पहिला पर्याय विनाकारण "प्रमुख अडचण" ठरतो.

वाक्यरचना जपून करा. "गेल्या तीन महिन्यांत, या दिवसांत नेहमी होणारा चढउतार सोडून, तुमच्याकडे आलेल्या नव्या ऑर्डर आधीच्या तीन महिन्यांपेक्षा: वाढल्या / साधारण तेवढ्याच / कमी झाल्या / लागू नाही." हंगामाचा उल्लेख नसेल तर दरवर्षी ठरावीक तिमाहीत तेजी आणि ठरावीक तिमाहीत मंदी दिसत राहते. उल्लेख असूनही बरेच लोक तो मनात घेत नाहीत, म्हणून हंगामाची दुरुस्ती नंतर आकड्यांवरही करावी लागते. त्यासाठी किमान तीन वर्षांच्या फेऱ्या हातात हव्यात. तोवर मागच्या तिमाहीशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करा.

"ऑर्डर आणि विक्री कशी आहे?" हा एक प्रश्न दिसतो, पण तो दोन आहेत. ऑर्डर आटल्या तरी जुन्या कामामुळे विक्री चालू राहते, अशा वेळी माणूस काय उत्तर देणार? साठ्याला "वाढला/कमी झाला" हे पर्याय लावू नका. "गरजेपेक्षा जास्त / पुरेसा / गरजेपेक्षा कमी" असं विचारा आणि गणित करताना त्याचं चिन्ह उलटं करा, कारण पडून राहिलेला माल ही वाईट बातमी असते. हे चिन्ह उलटायचं राहून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे. अनेक प्रश्नांची उत्तरं मिळून एक आकडा, म्हणजे संमिश्र निर्देशांक, काढताना विक्रीच्या किमतीचा प्रश्न त्यात घेऊच नये. मागणी वाढली म्हणूनही किंमत चढते आणि खर्च वाढला म्हणूनही.

माणसांच्या संख्येच्या प्रश्नात दोन ओळी हव्यात: कायम आणि कंत्राटी. फक्त "कर्मचारी" म्हटलं की बहुतेक ठिकाणी हजेरीपटावरचेच मोजले जातात. काम कमी झाल्यावर आधी ओव्हरटाइम थांबतो, मग कंत्राटी माणसं कमी होतात, कायम माणसांवर वेळ सगळ्यात शेवटी येते. एकाच ओळीत विचारलं तर "तेवढीच" असं उत्तर येत राहतं आणि तोवर शंभरेक माणसं घरी गेलेली असतात.

"एकूण या भागाचं आर्थिक वातावरण कसं वाटतं?" हा प्रश्न विचारायचाच असेल तर अगदी शेवटी, स्वतःच्या धंद्याबद्दलचे प्रश्न झाल्यावर. तो आधी आला की कालच्या बातम्यांचा रंग पुढच्या सगळ्या उत्तरांवर चढतो. आणि त्याचं उत्तर वेगळं ठेवा. स्वतःचा धंदा बरा चाललेला माणूसही "एकूण मात्र अवघड आहे" असं सहज म्हणतो.

फॉर्म कोणी भरला, तेही नोंदवा: मालक, कारखाना प्रमुख, लेखापाल. लेखापालाला येणी नीट माहीत असतात, ऑर्डर नाहीत. दरवेळी वेगळा माणूस भरत असेल तर दिसणारा बदल धंद्यातला की माणसातला, हे सांगता येत नाही.

कामगारांपर्यंत कसं पोहोचायचं

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यावी, आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच केला जातो. सोपा मार्ग म्हणजे कंपनीच्या एचआरला लिंक पाठवून "तुमच्या लोकांना भरायला सांगा" म्हणणं. हा मार्ग घेऊ नका. कोणाला पाठवायचं ते एचआर ठरवतं, त्यामुळे कार्यालयातली माणसं भरतात आणि पाळीतली राहून जातात. कंत्राटी माणूस ठेकेदाराचा, म्हणून तो यादीतच नसतो. आणि मालकाकडून आलेल्या लिंकवर "पगार उशिरा होतो" असं लिहायला कोणीही धजावत नाही. त्यात त्या माणसाची चूक नाही. नोकरी त्याची आहे, आणि ती धोक्यात घालून आपल्या अहवालाला खरं उत्तर द्यावं अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क नाही.

फाटकाबाहेर उभं राहून विचारणं हा दुसरा मार्ग. तो करायचा तर शिस्तीने: फाटकं, वार आणि पाळीच्या वेळा चिठ्ठीने ठरवा, बाहेर पडणाऱ्यांची मोजणी ठेवा, दर दहाव्या किंवा विसाव्या माणसाला थांबवा. तरीही एक छिद्र बुजत नाही. ज्याचं काम गेलं तो फाटकावर नसतो. मंदीत फाटकावरच्या उत्तरांत वातावरण उलट सुधारलेलं दिसू शकतं, कारण असमाधानी माणसं आधीच बाहेर गेली.

म्हणून शक्य असेल तर वस्त्यांतून जा. कामगार जिथे राहतात अशा ४० वस्त्या त्यांच्या घरसंख्येच्या प्रमाणात निवडा, प्रत्येकीत १० घरं, प्रत्येक घरात एकच पात्र माणूस. एकापेक्षा जास्त असतील तर ज्याचा पुढचा वाढदिवस सगळ्यात आधी येतो त्याला घ्या आणि घरात पात्र माणसं किती होती ते नोंदवा, भारांकासाठी (कोणत्या उत्तराला किती वजन द्यायचं त्या आकड्यासाठी) लागतं. संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी जा, रात्रपाळीवाल्यांसाठी एक फेरी दुपारी ठेवा. एका घरी तीन खेपा झाल्याशिवाय सोडू नका. "गेल्या सहा महिन्यांत इथे काम केलेला" ही आधी सांगितलेली जोड इथे कामाला येते: काम सुटलेला माणूसही नमुन्यात येतो.

४० गुणिले १० हेच का? एका वस्तीतल्या, एका ठेकेदाराकडच्या माणसांची उत्तरं एकमेकांसारखी असतात. हे साम्य ० (काहीच नाही) ते १ (अगदी एकसारखं) या पट्टीवर ०.०५ इतकंच धरलं तरी दर वस्तीत १० जण घेतल्यावर ४०० उत्तरांचं खरं वजन २७६ उत्तरांएवढं भरतं. त्याऐवजी २० वस्त्यांत २०-२० जण घेतले तर ते २०५ वर येतं. फिरण्याचा खर्च वाचवण्यासाठी वस्त्या कमी करण्याची ही किंमत आहे. २७६ च्या हिशेबाने एखाद्या प्रमाणाची चुकीची मर्यादा सुमारे ६ टक्के, आणि तिमाही अहवालाला ती चालण्यासारखी आहे.

कामगारांचे प्रश्न

कामगाराला कंपनीचं भवितव्य विचारू नका. त्याला ऑर्डर-बुक दाखवलेलं नसतं, त्यामुळे तो अफवा सांगेल. त्याच्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं विचारा, आकड्यात. गेल्या सात दिवसांत किती तास काम केलं? त्यात ओव्हरटाइम किती? गेल्या महिन्यात काम नाही म्हणून किती दिवस परत पाठवलं किंवा बसवून ठेवलं? पगार ठरलेल्या तारखेनंतर किती दिवसांनी मिळाला? हातात आलेली रक्कम तीन महिन्यांपूर्वीपेक्षा जास्त, तेवढीच, की कमी? तुमच्या तुकडीत तीन महिन्यांपूर्वी किती जण होते, आज किती आहेत? रोजच्या घरखर्चासाठी उसने पैसे घ्यावे लागले का?

हे झाल्यावर दोन अपेक्षेचे प्रश्न: "आजचं काम सुटलं तर याच भागात, साधारण याच पगाराचं काम एका महिन्यात मिळेल असं वाटतं का?" आणि "सहा महिन्यांनंतर तुम्ही याच कामावर असाल याची कितपत खात्री वाटते, ० ते १०?" घडलेलं आधी आणि वाटणारं नंतर, हा क्रम मोडू नका.

यातला पगाराच्या तारखेचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर माणसाला पक्कं आठवतं, त्यात मताला जागा नसते, आणि रोख पैशाची टंचाई कारखान्यात शिरली की तिचे चटके मालकाच्या फॉर्मवर कबूल होण्याआधी पगाराच्या दिवशी जाणवतात. सरासरी दिवस काढू नका. "ठरल्यापेक्षा सात दिवसांहून जास्त उशीर झालेल्यांचं प्रमाण" ही रेषा ठेवा. दोन-तीन अगदी वाईट प्रकरणांनी सरासरी फुगते, प्रमाण फुगत नाही.

विचारणारा माणूस कारखान्यातला, ठेकेदाराकडचा किंवा संघटनेचा नसावा. प्रश्न वाचून दाखवावेत, लिहायला लावू नये. परप्रांतातून आलेले कामगार बरेच असतील तर त्यांच्या भाषेतली प्रश्नावली आधीच छापून न्या, सर्वेक्षकाने जागेवर केलेलं भाषांतर दर घरी बदलतं. नाव लिहून घेऊ नका. आस्थापनेचं नाव सांकेतिक क्रमांकाने नोंदवा आणि क्रमांकांची यादी वेगळ्या ठिकाणी ठेवा. कोणत्याही तक्त्यात १० पेक्षा कमी माणसांचा कप्पा छापू नका. "मोठ्या आस्थापना, रसायन विभाग, स्त्रिया" अशा तीन चाळण्या लावल्यावर उरलेली चार माणसं कोण, हे तिथल्या व्यवस्थापकाला लगेच कळतं. मोकळ्या उत्तरांतली वाक्यं जशीच्या तशी छापतानाही हाच धोका असतो.

फेरी घेताना

दर तिमाहीत तेच दोन आठवडे ठेवा. पहिल्या दिवशी फॉर्म, पाचव्या दिवशी आठवण, नवव्या दिवशी फोन, चौदाव्या दिवशी बंद. प्रत्येक फॉर्मवर भरल्याची तारीख हवी. मध्येच मोठी घोषणा किंवा संकट आलं तर आधीची आणि नंतरची उत्तरं वेगळी काढून बघता येतात. उशिरा आलेली उत्तरं लवकर आलेल्यांपेक्षा सतत वेगळी दिसत असतील, तर अजिबात न आलेली त्याहून वेगळी असण्याची शक्यता धरा आणि अहवालात तसं लिहा.

पहिल्या फेरीआधी १५-२० जणांवर चाचणी घ्या. उत्तर मिळाल्यावर उलट विचारा: "यातून तुम्हाला काय समजलं?" "तेवढ्याच" म्हणजे किती, हा घोळ इथे कळतो. कोणाला दोन टक्क्यांची वाढही वाढ वाटते, कोणाला दहाखाली काहीच वाटत नाही. व्यक्तिगणिक हा फरक राहणारच, पण तीच माणसं दरवेळी उत्तर देत असतील तर तो बदलाच्या आड येत नाही.

आकडा काढताना

निव्वळ आकडा म्हणजे "वाढलं" म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा "कमी झालं" म्हणणाऱ्यांची. छेदात फक्त उत्तर दिलेले घ्या. रिकामा प्रश्न म्हणजे "तेवढंच" नव्हे, आणि "लागू नाही" हेही छेदातून बाहेर.

भारांक कसा चित्र पालटतो, ते एका उदाहरणाने बघा. २७० उत्तरांपैकी मोठ्यांची ३०, मधल्यांची ७५, लहानांची १६५. निव्वळ आकडे अनुक्रमे उणे १०, अधिक ५, अधिक २०. नुसती सरासरी अधिक १२.५ येते आणि मथळा होतो "वातावरण उत्साहाचं". आता रोजगारातला वाटा ५०, ३० आणि २० टक्के धरून काढा: उणे ५, अधिक १.५, अधिक ४, बेरीज अधिक ०.५. म्हणजे जवळजवळ काहीच हललेलं नाही. पहिला आकडा उत्तर देणाऱ्या आस्थापनांबद्दल बोलतो आणि त्यातही गटांचे भारांक लावायचे बाकी आहेत, दुसरा त्या भागातल्या नोकऱ्यांबद्दल. "किती आस्थापनांना वाटतं" आणि "किती रोजगार त्याखाली येतो" असे दोन्ही आकडे नावासकट छापा. एकाच कारखान्यात भागातला चौथा हिस्सा रोजगार असेल तर तो धरून आणि वगळून, दोन्ही प्रकारे गणित करून बघा. वगळल्यावर दिशाच बदलत असेल तर तुमचा निर्देशांक त्या एका कारखान्याचा आहे. मात्र तो धरलेला आणि वगळलेला असे दोन्ही आकडे छापू नका, वजाबाकी करून त्याचं उत्तर कोणीही काढेल.

इतरांच्या आकड्यांशी तुलना करताना मोजपट्टी बघून घ्या. ३५ वाढलं, ४५ तेवढंच, २० कमी: याचा निव्वळ आकडा अधिक १५. खरेदी व्यवस्थापकांच्या निर्देशांकाच्या (पीएमआय) पद्धतीने "वाढलं" अधिक "तेवढंच"चा अर्धा भाग, म्हणजे ५७.५, तिथे मध्यरेषा ५०. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांकात मध्यरेषा १००. आजची स्थिती आणि पुढची अपेक्षा यांचा एकत्र आकडा हवा असेल तर ईफोची रीत वापरता येते: दोन्हींत २०० मिळवा, गुणाकार करा, वर्गमूळ काढा, २०० वजा करा. अधिक १० आणि उणे २० असतील तर उत्तर उणे ५.६ येतं. पण एकत्र आकड्याखाली दोन्ही घटक छापाच. आजचं चांगलं आणि पुढचं वाईट, हे आजचं वाईट आणि पुढचं चांगलं याच्या अगदी उलट आहे, आणि एकत्र आकडा मात्र दोन्हीकडे सारखा येतो.

अधिक १५ म्हणजे उत्पादन १५ टक्क्यांनी वाढलं, असं लिहून येतं तेव्हा फार वाईट वाटतं, कारण बाकीची सगळी मेहनत त्या एका वाक्याने फुकट जाते. अहवालाच्या पहिल्याच पानावर एका ओळीत सांगा की हा माणसांच्या प्रमाणातला फरक आहे, वाढीचा दर नाही.

दोन रेषा शेजारी ठेवल्यावर

मालक म्हणतात ऑर्डर वाढल्या, माणसं तेवढीच. कामगार म्हणतात ओव्हरटाइम वाढला. ही सुधारणेची सुरुवात असते, भरतीचा निर्णय अजून झालेला नसतो. मालक म्हणतात ऑर्डर वाढल्या, पण कामगारांचे पगार लांबतायत. मग येण्यांचा प्रश्न उघडा, बहुधा माल गेलाय आणि पैसे आलेले नाहीत. मालक "सगळ्यात मोठी अडचण: माणसं मिळत नाहीत" म्हणतात आणि कामगार "काम सुटलं तर महिन्यात मिळणार नाही" म्हणतात. दोघंही खरं बोलत असतात. अशा वेळी पुढच्या फेरीत एकेक जादा प्रश्न घाला: मालकांना रिकाम्या जागेचं काम आणि देऊ केलेला पगार, कामगारांना येत असलेलं काम, अपेक्षित पगार आणि रोजचं जाण्यायेण्याचं अंतर. अंतर कौशल्यात आहे, पगारात आहे की रस्त्यात, ते तिथे कळतं.

वर्षातून एकदा दोन्ही रेषा बाहेरच्या पक्क्या आकड्यांवर ताडून बघा: भागातला औद्योगिक वीजवापर, भविष्यनिर्वाह निधीत वर्गणी येणाऱ्यांची संख्या, मालवाहतूक. चार-सहा फेऱ्यांनंतरही ऑर्डरची रेषा वीजवापराच्या दिशेशी अजिबात जुळत नसेल, तर यादी, भारांक आणि साठ्याचं चिन्ह या तीन ठिकाणी आधी शोधा. प्रश्नाचे शब्द बदलण्याची घाई नको. बदलावेच लागले तर एका फेरीत निम्म्यांना जुना आणि निम्म्यांना नवा प्रश्न द्या, म्हणजे शब्दांमुळे किती गुण हलले ते मोजता येतं आणि जुनी मालिका तुटत नाही.

अहवाल छापायच्या आधी उत्तर देणाऱ्या आस्थापनांना एक पान पाठवा: भागाचा आकडा, त्यांच्या व्यवसायाचा आकडा (पुरेशी उत्तरं असतील तर), आणि त्यांनी स्वतः काय उत्तर दिलं होतं. पुढच्या फेरीचा प्रतिसाद टिकवायला बक्षिसापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. वस्त्यांमध्येही मुख्य निष्कर्षांचं एक पान, कामगारांच्या भाषांत, लावून या.

आणि सलग दोन फेऱ्या ज्यांचं उत्तर येत नाही त्या आस्थापनांची यादी काढून तिथे प्रत्यक्ष माणूस पाठवा. शटर बंद आहे, जागा बदलली आहे, की नुसता कंटाळा आला आहे, एवढंच बघून यायचं. बंद आढळली तर मागच्या फेरीतलं "तेवढंच" पुढे ओढू नका. ऑर्डर आणि माणसं या दोन्ही प्रश्नांत ती "कमी झालं" मध्ये धरा आणि तळटिपेत अशा किती धरल्या ते लिहा.